सॉर्टेक्सवर दुसराच माणूस

दुलीचंद रामटेके तांदूळ कानानं ओळखायचा. वैनगंगेच्या पुलापलीकडं, वारासिवनीच्या रस्त्याला लागून जी राईस मिल आहे, तिथं तो एकोणीस वर्षं कामाला होता. आधी पाठीवर पोती वाहिली. मग मिलमध्ये सॉर्टेक्स मशीन आली आणि पुढची अकरा वर्षं तो तिच्याजवळच राहिला.

मिलमधल्या बाकी यंत्रांचं काम म्हणजे धान भरडणं, कोंडा उडवणं, तांदूळ घासून पांढरा करणं. सॉर्टेक्सचं काम सगळ्यात शेवटी. उतरत्या पन्हळींवरून तांदूळ घसरत येतो, आतला कॅमेरा एकेक दाणा पाहतो आणि काळा, पिवळा, डागी दाणा दिसला की हवेचा फटका मारून त्याला बाजूला उडवतो. त्या फटक्यांची टकटक दिवसभर चालू असते. ती टकटक वाढली की माल खराब, मंदावली की कुठंतरी काच मळली. दुलीचंद चहा पिता पिता उठून जायचा आणि नेमकी मळलेली काच पुसून यायचा.

मशीन आली तेव्हा तिला हात लावायला कोणी तयार नव्हतं. दक्षिणेकडून आलेला इंजिनीयर इंग्रजी आणि तुटक्या हिंदीत समजावून निघून गेला होता. आठवी शिकलेला दुलीचंद मात्र संध्याकाळी सुट्टी झाल्यावरही तासतासभर तिच्यासमोर उभा राहायचा. सहा महिन्यांत ती त्याची झाली. बुद्धविहाराच्या मागच्या वॉर्डात लोक त्याला 'सॉर्टेक्सवाले' म्हणू लागले. एकानं दिलेल्या लग्नपत्रिकेवरसुद्धा त्याचं नाव तसंच लिहिलं होतं. त्याच्या बायकोनं, गीतानं, जुन्या सतरंजीचा तुकडा दुमडून मशीनजवळच्या स्टुलासाठी गादी शिवून दिली होती. त्या स्टुलावर दुसरं कोणी बसलेलं दुलीचंदला खपत नसे.

दुखणं पाठीतून सुरू झालं. पोती वाहिलेल्या माणसाची पाठ दुखायचीच, म्हणून त्यानं सहा महिने मलम चोळण्यात घालवले. मग पाय जड पडू लागले. एका जुलैत मिलचा जिना चढताना डावा पाय उचललाच गेला नाही. नागपूरला नेलं, मोठा फोटो काढला. मणक्याला टीबी झाला होता. छातीचा असतो तसा खोकल्यातून दुसऱ्याला होणारा नाही, पण हाड आतून पोखरणारा. दीड वर्ष गोळ्या, कमरेपासून छातीपर्यंत पट्टा, वाकायचं नाही, उचलायचं नाही, फार वेळ बसायचंही नाही.

"डॉक्टरसाहेब, मशीनवर तं बसता येईन न?" त्यानं पहिलं हेच विचारलं.

"आधी पाय वाचवू," डॉक्टर म्हणाले. "मशीन कुठं पळून जात नाही."

मशीन पळून गेली नाही, पण चौथ्या दिवशी तिच्यासमोर गजेंद्र लिल्हारे बसला. धान वाळवायच्या ड्रायरवरचा माणूस, अडतीस वर्षांचा, तोंडात कधी वाईट शब्द नाही. मिलचा हिशेब बघणाऱ्या मुंशी राजेंद्रबाबूंनी त्याला बोलावून सांगितलं, तेव्हा तो नकोच म्हणत होता. दुलीचंदला हे नंतर कळलं. कळूनही त्याचा उपयोग झाला नाही. त्याच्या डोळ्यांपुढं एकच चित्र होतं. सतरंजीची गादी आणि तिच्यावर गजेंद्र.

पगारातून दर महिन्याला विम्याचे पैसे कापले जायचे, त्यावर दुलीचंद वर्षानुवर्षं कुरकुरत आला होता. आता तोच विमा कामी आला. विमा दवाखान्यातले डॉक्टर दाखला द्यायचे आणि बहुतेक पगार घरबसल्या खात्यावर यायचा. हे एक्क्याण्णव दिवस चालणार होतं. दुलीचंदनं त्या हिशेबानं दिवस धरले. ऑक्टोबरात परत जायचं. पट्टा बांधून का होईना, पण जायचं. धानाचा हंगाम सुरू व्हायच्या आत.

गजेंद्र सुरुवातीला दिवसातून चार-चार वेळा फोन करायचा. "दादा, पीला दाना पास हो रहा है, क्या करूँ?" दुलीचंद खाटेवर आडवा पडून डोळे मिटायचा आणि मशीन डोळ्यापुढं आणून सांगायचा, हे बटन एवढं फिरव, दुसऱ्या पन्हळीचा कंप कमी कर, हवेचा काटा बघ. फोन ठेवला की त्याला बरं वाटायचं. मशीनला अजून त्याची गरज होती.

मग फोन दोनावर आले. मग दिवसाआड. सप्टेंबरात एकदा सलग आठ दिवस फोनच आला नाही. नवव्या दिवशी दुलीचंदनं स्वतःच लावला.

"सब ठीक है दादा," गजेंद्र आनंदानं म्हणाला. "अब हाथ बैठ गया। आप बिलकुल टेन्शन मत लो।"

त्या रात्री दुलीचंद जेवला नाही. गीतानं विचारलं, "काहून? पाठ दुखून राह्यली का?"

"हौ," तो म्हणाला. पाठ मुळीच दुखत नव्हती.

रविवारी गजेंद्र भेटायला यायचा. कधी पपई आणायचा, कधी अंडी. गीता त्याच्यासाठी घट्ट दुधाचा चहा करायची आणि दुलीचंदला वाटायचं, आपल्याला सकाळी दिलेला चहा एवढा घट्ट नव्हता. बारावीत शिकणारी त्यांची मुलगी दीपिका गजेंद्रकाकांना फोनमधलं काहीबाही विचारायची. तोही व्हिडिओ लावून तिला मशीनचे भाग दाखवायचा. आतला कॅमेरा, हवेच्या सुया. अकरा वर्षांत दीपिकानं बापाला एकदाही विचारलं नव्हतं, की तुम्ही तिथं करता तरी काय. आता ती दुसऱ्याच्या फोनमध्ये डोकं घालून विचारत होती. दुलीचंद भिंतीकडं तोंड करून पडून राहायचा आणि 'काका'तला प्रत्येक 'का' त्याला टोचायचा.

मिलमधले बाकी लोकही येऊन जायचे. पुनाराम हमाल आला. तो आणि दुलीचंद एकाच वर्षी मिलमध्ये लागले होते. खाटेच्या काठावर बसून तो पट्ट्याकडं पाहत राहिला आणि म्हणाला, "नसीब लागते बाप्पा बिमारीलेही. माही पाठ रोज मोडते, पन विम्यावाले तिले बिमारी मानत नाई. तुह्या पाठीत जे निंघालं, त्याले मानते."

"घे मंग तू," दुलीचंद म्हणाला. "घे हे बिमारी, अन् मले तुहे पाय दे."

पुनाराम हसला, पण त्याच्या हसण्यात खोट होती. तो खरोखरच जळत होता. दुलीचंदला ते लगेच ओळखू आलं, कारण तेच त्याच्याही पोटात होतं. फक्त त्याचं तोंड मिलकडं होतं.

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात गजेंद्र कामाचा दिवस असूनही आला. मोटरसायकल नीट उभीही न करता धावतच आत शिरला. हातात कागद होते.

"दादा, मिठाई खिलाओ। एक्सटेंड होता है!"

झालं होतं असं, की तो स्वतःच्या मुलाचं औषध आणायला विमा दवाखान्यात गेला होता आणि तिथं सहज दुलीचंदचं विचारलं होतं. तिथल्या बाईंनी सांगितलं, की साध्या आजाराला एक्क्याण्णव दिवस, पण टीबी, कॅन्सर असे जे मोठे आजार यादीत आहेत, त्यांना पुढेही मिळतं. आणि रक्कम कमी होत नाही, उलट थोडी वाढते. आधी चार महिने, मग बोर्डानं तपासलं की आणखी, गरज असेल तर एकूण दोन वर्षांपर्यंत. गजेंद्रनं तिथंच फॉर्म घेतला, मुंशीकडून शिक्का मारून आणला, दुलीचंदची सही कुठं करायची तिथं पेन्सिलीनं फुली मारून आणली.

गीतानं दोन्ही हात जोडून बाबासाहेबांच्या फोटोकडं पाहिलं. "गजेंद्रभाऊ, लय उपकार झाले तुमचे."

दुलीचंदनं फॉर्म हातात घेतला. दोन वर्षं. म्हणजे दोन हंगाम. तेवढ्यात मशीन त्याचं नावसुद्धा विसरेल. त्यानं गजेंद्रच्या चेहऱ्याकडं पाहिलं. एवढा आनंद? दुसऱ्याच्या रजेचा एवढा आनंद कोणाला होतो? ज्याला जागा पाहिजे त्यालाच.

"तुम्हे बहुत जल्दी है," तो म्हणाला.

"किस बात की दादा?"

"कुछ नहीं. पेन दे."

त्यानं सही केली. न करून सांगणार कोणाला? घरात मिळकत दुसरी नव्हती आणि पायांत अजून मुंग्या येत होत्या. पण त्या दिवसापासून गजेंद्रचा प्रत्येक चांगुलपणा त्याला डाव वाटू लागला. पपई आणली, तर तोंड बंद ठेवायला. तब्येत विचारली, तर किती दिवस बाकी ते मोजायला. गीता म्हणायची, "कसा देवमाणूस आहे." तो म्हणायचा, "हौ, दुसऱ्याच्या स्टुलावर बसला का कोणीबी देव होते."

जानेवारीत धुकं पडलं. वैनगंगेवरून सकाळी असं धुकं येतं, की मिलच्या गेटवरून धुराडं दिसत नाही. अशा दिवसांत तांदूळ हवेतली ओल पितो आणि पन्हळीवरून सरळ न घसरता जरा रेंगाळतो. सॉर्टेक्सचा हवेचा फटका मग क्षणभर आधीच बसतो, आणि डागी दाणा सुटतो, चांगला उडून जातो. त्यातही उसना, म्हणजे उकडा तांदूळ चालवून झाल्यावर लगेच अरवा, म्हणजे न उकडलेला लावला, तर उकडलेल्या तांदळाचा चिकट थर तिसऱ्या पन्हळीवर राहतो, कारण त्या पन्हळीला मुळातच किंचित वाक आहे. दुलीचंद हे सलग तीन हिवाळे चुका करून शिकला होता. उपाय सोपा होता. मशीन अर्धा तास रिकामी चालवून तापू द्यायची, तिसरी पन्हळ कोरड्या फडक्यानं तासातासाला पुसायची आणि तिच्यात माल थोडा कमी सोडायचा. हे कुठल्या पुस्तकात नव्हतं, गजेंद्रच्या व्हिडिओतही नव्हतं.

"दादा," गजेंद्रचा फोन आला, बऱ्याच दिवसांनी. आवाज उतरलेला. "दो दिन से समझ में नहीं आ रहा। तीन नंबर से काला दाना जा रहा है। सब सेटिंग देख ली।"

दुलीचंद अंगणात उन्हाला बसला होता. उत्तर जिभेवर तयार होतं. एका वाक्याचं काम होतं.

"कॅमेरा की सेटिंग बढा के देख," तो म्हणाला.

त्यानं काही होणार नव्हतं हे त्याला माहीत होतं. उलट चांगला तांदूळ जास्त उडणार होता. फोन ठेवल्यावर त्याच्या छातीत धडधडलं, जणू भिंतीवरून कोणाच्या परसात उडी मारली होती. आणि त्याच्या मागोमाग, बऱ्याच महिन्यांत पहिल्यांदा, त्याला कडकडून भूक लागली.

चौथ्या दिवशी पुनारामनं बातमी आणली. सरकारी गोदामात गेलेला माल नापास होऊन परत आला होता. दोन ट्रक. मालकानं सगळ्यांसमोर गजेंद्रला उभं करून नाही नाही ते ऐकवलं होतं, त्याच्या बापापर्यंत. गजेंद्र खाली मान घालून उभा होता आणि मग मागं जाऊन कोंड्याच्या ढिगाजवळ बसून राहिला होता.

"रडला का तो?" दुलीचंदनं विचारलं.

"माहीत नाई. पाठ होती त्याची आमच्याकडं."

दुलीचंदला वाईट वाटायला हवं होतं. थोडं वाटलंही. पण त्याच्यावर तरंगत होतं ते दुसरंच. आता कळेल त्यायले. आता कळेल, मशीन कोनाची होती.

संध्याकाळीच मुंशी राजेंद्रबाबू स्कूटरवरून आले. खुर्चीवर बसले, इकडचं तिकडचं बोलले आणि मुद्द्यावर आले. मालकाचा निरोप होता. हंगाम बुडतो आहे. दुलीचंदनं फक्त दोन-तीन तास येऊन बसावं, गजेंद्रला सांगत राहावं. न्यायला-आणायला गाडी येईल. हजेरीपत्रकात नाव लागणार नाही, पैसे हातात मिळतील, विम्याचं विम्यात चालू राहील. कुणाला कळायचं कारण नाही.

गीता दारात उभी होती. "बाबूसाहेब, डॉक्टरनं बसाले मनाई केली आहे. अन् विम्यावाल्यायनं लिहून घेतलं आहे, काम करनार नाई म्हनून."

"अरे बहनजी, ये काम थोडी है. सलाह है."

"मी जातो," दुलीचंद म्हणाला. पैशांचं त्यानं विचारलंही नाही. मुंशी गेल्यावर गीता भांडली, रडली, दीपिकानंही समजावलं. त्यानं ऐकून घेतलं आणि सकाळी दाढी करून, पट्टा आवळून, गाडीची वाट पाहत ओट्यावर उभा राहिला.

मिलमध्ये शिरला तेव्हा कोंड्याचा तो वास नाकात गेला आणि त्याला घेरी आल्यासारखं झालं. गजेंद्रनं त्याला पाहून स्टूल पुढं केलं. गादी तीच होती, पण तिच्यावर गजेंद्रनं प्लास्टिकचं कव्हर चढवलं होतं, धूळ बसू नये म्हणून. दुलीचंदनं कव्हर ओढून काढलं आणि बाजूला टाकलं. गजेंद्रनं ते उचलून त्याची घडी केली.

"तू जा, चाय पी के आ," दुलीचंद म्हणाला. तो गेल्यावर त्यानं तिसरी पन्हळ पुसली, माल कमी केला. अर्ध्या तासात टकटक सरळ झाली. मालक स्वतः आला, मूठभर तांदूळ हातात घेऊन म्हणाला, "वाह रामटेके!" गजेंद्र तिथंच उभा होता. त्यानं विचारलं, "क्या किया दादा?" दुलीचंद म्हणाला, "हाथ का काम है, बताने से नहीं आता."

नऊ दिवस असं चाललं. दोन तासांचे चार झाले, चाराचे सहा. रोज गजेंद्रला काही ना काही निमित्त काढून दूर पाठवून तो ते काम करायचा. रात्री पाठीत सुरी फिरवल्यासारखं व्हायचं, तर दात आवळून पडून राहायचा, गीताला कळू द्यायचा नाही. मनातून तो सुखात होता. इतका सुखात, की लग्नाच्या वर्षीही नव्हता.

दहाव्या दिवशी दुपारी फडकं घ्यायला म्हणून तो स्टुलावरून उठला आणि सरळ खाली आला. कमरेखाली काहीच नव्हतं. पाय होते, दिसत होते, पण त्याचे नव्हते. त्यानं हात जमिनीवर टेकून उठायचा प्रयत्न केला, तेव्हा लघवी झाल्याचं त्याला ओल दिसल्यावर कळलं. मुंशी आला आणि पहिलं वाक्य हे बोलला, की याला इथून लवकर हलवा, कोणी विचारलं तर भेटायला आला होता म्हणा. गजेंद्रनं आपला शर्ट काढून दुलीचंदच्या कमरेभोवती गुंडाळला. दोन पोती वाहून न्यायच्या फळीवर त्याला सरळ निजवलं, वाकू दिलं नाही, आणि पुनारामला हाक मारून टेम्पोत चढवलं. नागपूरपर्यंत तो उघड्या अंगावर स्वेटर घालून शेजारी बसून होता.

दुलीचंदला शुद्ध होती. त्यानं वर बघितलं की गजेंद्रचा चेहरा दिसायचा. तेव्हाही, त्या अवस्थेतही, त्याच्या मनात आलं, की आता मशीनवर कोण आहे? आणि लगेच दुसरं, की उद्यापासून हाच.

पाय वाचले. मणक्याजवळ पू साठला होता, तो काढावा लागला. मुंग्या परत आल्या तेव्हा दुलीचंद रडला. मुंग्यांसाठी रडणारा माणूस वॉर्डातल्या नर्सनं पहिल्यांदाच पाहिला.

मार्चमध्ये जबलपूरला बोर्डापुढं जायचं होतं. चार महिन्यांची मुदत संपली होती, पुढं वाढवायची का ते तिथले डॉक्टर ठरवणार होते. गीता सोबत होती, आणि त्याला धरून गाडीत चढवायला-उतरवायला गजेंद्र. गजेंद्रनं कागद प्लास्टिकच्या पिशवीत क्रमानं लावले होते, तेच तो पुन्हा पुन्हा तपासत होता.

बोर्डात तीन डॉक्टर होते. मधल्या बाईंनी ऑक्टोबरचा फोटो आणि फेब्रुवारीचा फोटो शेजारी शेजारी धरले.

"सुधर रहा था. फिर अचानक इतना कैसे बिगड़ा? कुछ काम किया बीच में?"

मुंशीनं बजावून ठेवलं होतं, तोंडातून मिलचं नाव काढू नकोस, नाहीतर आधीचंही परत भरावं लागेल.

"नाही म्हन," असं दुलीचंद स्वतःला सांगत होता, पण त्याच्या आधी गीता बोलली.

"हौ साहेब. दहा दिवस मिलमंदी गेलते. मी नाई म्हनलं होतं. मालकानं बलावलं, पन त्यायलेही जायाचंच होतं. पैशासाठी नाई. त्यायले वाटे, का माही मशीन दुसरा घेऊन राह्यला."

बाईंना मराठी किती कळलं कोण जाणे, पण गीताच्या आवाजावरून पुरेसं कळलं असावं. त्यांनी चष्मा काढून दुलीचंदकडं पाहिलं. "मशीन के लिए?"

"हां," तो म्हणाला. आणि ते एवढं मोठ्यानं ऐकल्यावर त्याला लाज वाटली, मिलमध्ये कपडे ओले झाले त्यापेक्षा जास्त.

त्या दहा दिवसांचा भत्ता कापला गेला, लेखी ताकीद मिळाली, आणि मिलकडून खुलासा मागवला जाईल असं सांगण्यात आलं. पण मुदत वाढली. आजार खरा होता आणि फोटोत दिसत होता. आणखी कित्येक महिने घरी. बाहेर बाकावर बसलेल्या गजेंद्रला गीतानं सांगितलं, तेव्हा त्यानं नुसती मान डोलावली. या वेळी त्यानं मिठाईचं नाव काढलं नाही.

पुढचे महिने दुलीचंदनं सांगितलेलं सगळं पाळलं. झोपला, उठला, गोळ्या घेतल्या, विहारापर्यंत चालला, मग पुलापर्यंत. पुलावरून मिल दिसायची. तो तिकडं पाठ करून परत फिरायचा. जळणं थांबलं होतं असं नाही. दीपिका कॉलेजात गेली, तिच्या फोनवर गजेंद्रकाकांचा शुभेच्छांचा मेसेज आला, तेव्हा पोटात जुनाच चटका बसला. पण आता तो चटका ओळखून गप्प राहायला शिकला होता.

दुसऱ्या वर्षीच्या नोव्हेंबरात कामावर जायचा दाखला मिळाला. हलकं काम. मालकाला खुलासा द्यावा लागला होता, त्यामुळं तो दुलीचंदशी नीट बोलला नाही, पण काढूनही टाकलं नाही. त्याला नमुन्याच्या टेबलावर बसवलं. तयार तांदळातली मूठ घ्यायची, काळ्या ताटलीवर पसरायची, डागी दाणे वेचून मोजायचे आणि वहीत लिहायचं. सॉर्टेक्स तिथून दहा पावलांवर होती. तिच्यावर गजेंद्र होता.

धुकं पडायला लागलं तसं तिसऱ्या पन्हळीचं दुखणं पुन्हा सुरू झालं. दुलीचंद ताटलीत काळे दाणे मोजत होता. सहा. नऊ. बारा. दुपारी जेवणाच्या सुट्टीत तो उठला आणि गजेंद्रजवळ गेला.

"तीन नंबर पुसाले लागते," तो म्हणाला. "उसन्याच्या मागून अरवा लावला का. मशीन खाली चला आधा घंटा. अन् माल कमी सोड."

गजेंद्रनं तसं केलं. थोड्या वेळानं त्यानं मान वर केली. "ये आपको पिछले जाड़े में भी मालूम था?"

"हौ."

"जब मैंने फोन किया था?"

"हौ. तव्हाही."

गजेंद्र डबा उचलून बाहेर निघून गेला. तो ओरडला असता, तर दुलीचंदला सोपं गेलं असतं. त्या दिवसापासून गजेंद्र त्याच्याशी कामापुरतं बोलू लागला. रविवारचं येणं बंद झालं. गीतानं कारण विचारलं, तेव्हा दुलीचंदनं सगळं सांगितलं. ती म्हणाली, "त्याच्या बापावरून शिव्या खाल्ल्या त्यानं, तुमच्यापायी," आणि आत निघून गेली. नवीन वर्षाला तिनं स्वतः गजेंद्रच्या घरी तिळाचे लाडू नेऊन दिले. तिथं काय बोलणं झालं, ते तिनं नवऱ्याला सांगितलं नाही, त्यानंही विचारलं नाही.

फेब्रुवारीत मालकानं नवीन सॉर्टेक्स घेतली. काचेच्या पडद्यावर बोट फिरवलं की चालणारी. जुनीच्या दुप्पट माल काढणारी. शिकवायला पुन्हा दक्षिणेकडून एक इंजिनीयर आला, या वेळी तरुण, भरभर बोलणारा. तीन दिवस तो गजेंद्रला शिकवत होता. दुलीचंद नमुन्याचं टेबल सोडून दोघांच्या मागं उभा राहायचा. बोटं कुठून कुठं जातात ते त्याच्या डोळ्यांना पकडता येत नव्हतं. गजेंद्रच्या बोटांना येत होतं. पाठीवरचा पट्टा आता सुटला होता, तरी तिथं काहीतरी आवळल्यासारखं वाटायचं. माणूस किती वेळा तेच तेच जळेल, असं त्याला स्वतःचंच आश्चर्य वाटायचं.

तिसऱ्या दिवशी इंजिनीयर हवेच्या दाबाचे आकडे सांगत होता. उसन्याला एवढा, अरव्याला एवढा, तुकडा कनकीला एवढा. गजेंद्र हो हो करत होता. मग मागं न वळता तो म्हणाला, "दादा, वही है न आपके पास? लिख लो. मेरे को इतना याद नहीं रहेगा."

दुलीचंदनं खिशातून पेन काढलं. नमुन्याच्या वहीचं मागचं पान उघडलं आणि इंजिनीयरला म्हणाला, "भाईसाहब, उसने का फिर से बोलो. धीरे बोलो."